काडेपेटीत मावणारी मोटार

बोटभर लांबीच्या धातूच्या मोटारी तुमच्याकडेही असतील. रंग उडाला की त्या अडगळीत जातात. मी मात्र तशाच मागून घेते!

मोटार उलटी करा. पोटाशी बहुधा दोन गोल ठिपके दिसतील. ते रिव्हेट. त्यांची डोकी ड्रिलने काढली (हे काम मोठ्यांचंच बरं का!) की काच, सीट, चाकं सगळं सुटं होतं. मग जुना रंग काढून नवा द्यायचा, पण अगदी पातळ. जाड हात बसला की दाराच्या रेघा बुजल्याच. माझ्या वर्गातला एक चुळबुळ्या रविवारी आमच्या ओट्यावर एका दारापाशी अर्धा तास बसला. वर विचारतो, "बाई, अजून एक हात देऊ?" वर्गात हा पाच मिनिटं बसेल तर शपथ!

लंडनच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई. म्हणून त्यांनी तिला चिमुकला रोडरोलर करून दिला. त्यातूनच 1953 साली 'मॅचबॉक्स' मोटारी निघाल्या. मॅचबॉक्स म्हणजे काडेपेटीच की!

आमच्या शाळेत खेळण्यांना बंदी आहे. परवा मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर त्या मुलाची मोटार ठेवली, काडेपेटीत घालून. अजून परत आलेली नाही.