मानेजवळची पट्टी

गेल्या हिवाळ्यात डेन्व्हरमधल्या एका हौशी नाटकमंडळीसाठी मी कपडे शिवले. नाटक संगीत होतं. विषय होता, याच शहरात कुंटणखाने चालवणाऱ्या मॅटी सिल्क्स आणि जेनी रॉजर्स या दोन मालकिणींची चुरस. मॅटीच्या झग्यात पिस्तूल मावेल असा चोरखिसा हवा होता. मखमल जड, त्यात पिस्तुलाच्या वजनानं झगा एका अंगाला ओढायचा. शेवटी आतून कॅनव्हासची पट्टी लावली, तेव्हा तो सरळ बसला.

पिस्तूल हवं होतं १८७७ सालच्या द्वंद्वासाठी. मॅटी आणि केट फुल्टन नावाची दुसरी एक बाई एका पुरुषावरून एकमेकींवर गोळ्या झाडतात आणि गोळी लागते त्या पुरुषालाच, ही इथली लाडकी दंतकथा. त्या काळच्या बातम्यांत मात्र द्वंद्व नाही, साधी मारामारी आहे. तालमीत या प्रवेशाला सगळे खळखळून हसायचे. मला हसू येईना.

खरं काय ते पाहावं म्हणून एका रविवारी मी या दोघींचे कुंटणखाने होते त्या मार्केट स्ट्रीटवर गेले. या रस्त्याचं पूर्वीचं नाव हॉलिडे स्ट्रीट. वस्तीची बदनामी झाली, तेव्हा हॉलिडे घराण्यानं आपलं नाव काढून घ्यायला लावलं. तिथेच १९४२ क्रमांकाची इमारत आहे. जेनीनं १८८९ मध्ये बांधलेलं हे ‘हाउस ऑफ मिरर्स’. १९०९ मध्ये जेनी वारली आणि दोन वर्षांनी तेच घर मॅटीनं विकत घेतलं. त्यांची खरी चुरस अशी घरादाराची, व्यवहाराची होती.

दोघींच्या कबरी फेअरमाउंट दफनभूमीत आहेत, पण धंद्यातल्या नावांनी शोधल्या तर सापडत नाहीत. जेनीच्या दगडावर ‘लिआ जे. वूड’, मॅटीच्या दगडावर ‘मार्था ए. रेडी’ आणि १९२९ साल. हॉलिडे घराण्याला आपलं नाव रस्त्यावरून पुसता आलं. या बायकांना मात्र आपलं नाव मरेपर्यंत धंद्यापासून जपून ठेवावं लागलं. मॅटीच्या दगडासमोर उभी असताना माझे डोळे भरून आले.

कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून आम्ही प्रत्येक झग्याच्या मानेजवळ आतून पात्राच्या नावाची पट्टी शिवतो. घरी आल्यावर मी ‘मॅटी’ लिहिलेली पट्टी उसवली आणि नवी शिवली. सगळे प्रयोग त्याच झग्यात झाले. आज तो मंडळींच्या पेटाऱ्यात आहे आणि त्याच्या मानेजवळ ‘मार्था’ लिहिलेलं आहे.