मलिद्याची वाटी

आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या घरांत तेरावं वर्ष लागायच्या कितीतरी आधीपासून मुलाची संध्याकाळ प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांकडे हिब्रू शिकण्यात जाई. भायखळ्याला वाढलेल्या आम्हा चुलत-मावस भावंडांना हिब्रू वाचता येई, अर्थ मात्र आजी मराठीत सांगे.

बार मिट्झवासाठी, म्हणजे मुलाच्या तेराव्या वर्षीच्या सोहळ्यासाठी, हॉल कोणी घेतल्याचं आठवत नाही. गुरुवारी सकाळी मशिदीत जायचं. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. प्रार्थनेवेळच्या तफिलीनचा चामडी पट्टा पहिल्यांदा डाव्या हातावर सात वेढे देऊन बांधायचा आणि तोरा हा धर्मग्रंथ उघडला की आपला भाग वाचायचा. आवाज अडखळला की मागचे काका हळूच शब्द पुरवत. त्या दिवसापासून प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, मिन्यानमध्ये, त्या पोराची गणती. दहावा माणूस नाही म्हणून प्रार्थना खोळंबली, की त्याला झोपेतून उठवून नेत!

मग घरी मलिदा. आयामावश्या पहाटेपासून नारळ खवत. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, गाणं. चाळीतल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांकडे वाट्या पोहोचवायचं काम त्याच मुलाचं. पुढे सुट्टी बघून मुलाला घेऊन भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, तिथून अलिबागकडे. सागावला एलियाहूच्या रथाच्या खुणा सांगतात तो खडक दाखवायचा. गलबत फुटून वाचलेली आमच्या पूर्वजांची सात जोडपी जिथे किनाऱ्याला लागली असं आम्ही मानतो, त्या नवगावची जुनी थडगी दाखवायची.

बहिणींसाठी मात्र यातलं काहीच झालं नाही. त्या नारळ खवत राहिल्या. ते मला आजही सलतं.

पुढे एकेक घर इस्राएलला गेलं. दिमोना, लोद, अश्दोद. तिथे नातवंडांचे सोहळे मोठमोठ्या हॉलांत झाले. आनंद खरा होता, पण मुलगा आपल्याच समारंभात पाहुण्यासारखा उभा दिसे. त्याच्या हाती काम काहीच नसे.

दिमोनातल्या आमच्या एका नातीनं यंदा बाराव्या वर्षीच्या आपल्या सोहळ्याला हॉल नको म्हटलं. वर्षभर ती आजीच्या मैत्रिणींकडे बसून एक मराठी कीर्तन शिकली आणि घरच्या मलिद्याला त्यांच्या बरोबरीनं गायली. ळ तिला नीट म्हणता येतो, हे आजी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती. हॉलचे पैसे तिकिटांसाठी ठेवलेत. पावसाळा सरला की तिला नवगावला न्यायचंय, आणि या वेळी तिच्यासोबत माझ्या बहिणीही येणार आहेत.