साक्षीदारांचा पोषाख

विद्वानांच्या लेखाच्या शेवटीं बारीक टाइपांत जी संदर्भांची यादी छापलेली असते, ती वाचण्याच्या भानगडींत सामान्य वाचक सहसा पडत नाहीं. आम्हीही पडत नव्हतों. परंतु आमच्या घरांतील एक तरुण डॉक्टर आपला पहिला लेख वैद्यकीय नियतकालिकाकडे धाडण्याच्या खटपटींत असतां, शुद्धलेखनाचे जाणकार म्हणून ती यादी तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. आणि तेव्हांपासून या बारीक टाइपाविषयीं आमच्या मनांत कुतूहल उत्पन्न झालें आहे.

पहिल्या नियतकालिकानें लेख साभार परत केला. दुसऱ्याकडे पाठवितांना मजकुरांत एक अक्षरही बदलण्याचें कारण नव्हतें. यादींतील एकूण एक संदर्भाला मात्र नवा पोषाख चढवावा लागला. एका ठिकाणीं वर्ष लेखकाच्या नांवाला लागून हवें, तर दुसऱ्या ठिकाणीं तें नियतकालिकाच्या नांवामागून यावें. एकीकडे संदर्भाचा आंकडा ओळीच्या डोक्यावर चढवावयाचा, तर दुसरीकडे त्याला कंसांत कोंडावयाचें. लेखक सहांहून अधिक झाले, कीं 'लॅन्सेट' व 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' पहिल्या तिघांचीं नांवें देतात आणि बाकीच्यांची 'आणि इतर' या दोन शब्दांत बोळवण करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचें वळण गिरविणारीं कित्येक नियतकालिकें सहा नांवांपर्यंत उदार होतात. चौथ्या संशोधकाचें नांव लोकांना दिसावें कीं नाहीं, हें असें संपादकांच्या मर्जीवर अवलंबून!

हा घोळ मिटविण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नव्हे. कंसांत नांव व वर्ष देण्याची जी तऱ्हा 'हार्वर्ड' म्हणून प्रसिद्ध आहे, तिचें मूळ एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञानें १८८१ सालीं बिनशंखाच्या गोगलगाईवर लिहिलेल्या निबंधांत दाखविण्यांत येतें. आंकड्यांची तऱ्हा वैद्यकांत अधिक रुळली. टंकलेखनयंत्राच्या काळांत परत आलेल्या लेखाची सबंध यादी पुन्हा बडवून काढावी लागे. हा व्यर्थ शीण वाचावा म्हणून जानेवारी १९७८ मध्यें वैद्यकीय नियतकालिकांचे कांहीं संपादक कॅनडांतील व्हँकुव्हर शहरीं जमले, आणि १९७९ मध्यें त्यांचे सामाईक नियम प्रसिद्ध झाले. पुढें शेंकडों नियतकालिकांनीं ते पत्करले. पण पत्करतांना पुष्कळांनीं आपआपलें एखादें टिंब किंवा स्वल्पविराम कुलाचाराप्रमाणें राखून ठेवला. आज 'झोटेरो' या संगणकीय साधनांत निवडीसाठीं मिळणाऱ्या पद्धतींची संख्या दहा हजारांवर आहे. एकीकरणाचें फळ तें हेंच!

तथापि या नियमांची केवळ थट्टा करणें योग्य होणार नाहीं. खंड, पृष्ठ आणि वर्ष हीं ठराविक जागीं असलीं, म्हणजे परक्या मुलखांतील वाचकालाही मूळ लेख हुडकतां येतो, आणि हाच त्यांचा मूळ हेतु होय. आडनांव व आद्याक्षर एवढ्यावर भागविण्याची त्यांची रीत मात्र आमच्या महाराष्ट्राला फारशी मानवत नाहीं. 'जोशी एस.' म्हटल्यावर सुनीता, सतीश कीं शंकर, हें ब्रह्मदेवालाही सांगतां यावयाचें नाहीं. पाटील आणि कुलकर्णी यांची तीच कथा. म्हणूनच २०१२ पासून संशोधकांना सोळा अंकी 'ऑर्किड' क्रमांक मिळूं लागला, हें बरेंच झालें.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. संदर्भ म्हणजे लेखकानें उभा केलेला साक्षीदार. त्याचा पोषाख इतक्या बारकाईनें तपासला जात असतां, त्याची साक्ष कोण ऐकतो? १० जानेवारी १९८० रोजीं 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्यें पांच वाक्यांचें एक पत्र छापून आलें. रुग्णालयांत अफूच्या जातीचीं औषधें दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकीं, पूर्वीं व्यसन नसतां नवें व्यसन लागल्याचीं चारच उदाहरणें आढळलीं, असें त्यांत म्हटलें होतें. घरीं महिनोन्महिने तीं औषधें घेणाऱ्यांविषयीं पत्रांत अवाक्षर नव्हतें. २०१७ सालीं त्याच नियतकालिकांत कॅनडांतील संशोधकांनीं या पत्राच्या संदर्भांची मोजदाद प्रसिद्ध केली. तें ६०८ वेळां उद्धृत झालें होतें. सुमारें ७२ टक्के लेखकांनीं तें 'व्यसन क्वचितच लागतें' याचा पुरावा म्हणून दिलें होतें. हे रुग्ण रुग्णालयांतले होते ही गोष्ट सुमारें ८१ टक्क्यांनीं सांगितलीच नव्हती. डॉक्टरांची धास्ती अशा रीतीनें कमी झाली, आणि उत्तर अमेरिकेंत या औषधांनीं जो अनर्थ ओढवला त्याला तिचा हातभार लागला, असें त्या संशोधकांचें मत आहे.

खंड ३०२, पृष्ठ १२३! इतका छोटा संदर्भ लिहितांना टिंब चुकण्याचीही भीति नाहीं. आणि तें सबंध पत्र वाचावयाला एक मिनिटही पुरे होतें. परंतु एकानें दुसऱ्याच्या यादींतून तें उचललें, तिसऱ्यानें दुसऱ्याच्या, आणि ऐकीव गोष्ट आंकडा लावून शास्त्र म्हणून मिरवूं लागली.

आमचे जुने टीकाकार 'इति सुश्रुतः' एवढें म्हणून मोकळे होत. खंड नाहीं, पृष्ठ नाहीं! पण तो ग्रंथ मुखोद्गत असलेला एखादा तरी पंडित समोर बसलेला असे, आणि तोच धाक पुरेसा होई. आतां यंत्राच्या एका कळीसरशी सारी यादी हवा तो पोषाख चढविते, आणि कित्येक प्रकाशक तर पहिल्या खेपेला कोणतीही एकसारखी पद्धत चालेल असें म्हणूं लागले आहेत. तरुण संशोधकांचे जे तास यामुळें वांचतील, ते त्यांनीं यादींतील मूळ लेख उघडून पाहण्यांत खर्च केले, तर स्वल्पविरामाच्या चार चुका आम्ही आनंदानें सोसूं.