साउथ फोर्कच्या फुटक्या धरणावर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या पूर्वेला मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर साउथ फोर्क नावाचे लहानसे गाव आहे. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीकडे मुक्काम असताना मी आईला घेऊन तेथे गेलो होतो. आईने नुकतीच ऐंशी वर्षे पूर्ण केली आहेत. पिट्सबर्गचे व्यंकटेश्वर मंदिर पाहून झाल्यावर मेहुण्यांनी या गावाजवळच्या फुटलेल्या धरणाचा विषय काढला. आई लगेच म्हणाली, "मला ते बघायचंय." १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तिचे माहेर पुण्यात नारायण पेठेत होते.

आज तेथे उरली आहेत ती धरणाची दोन टोके. गवताने झाकलेले मातीचे दोन बांध समोरासमोर उभे आहेत. मधल्या रुंद खिंडारातून एक ओढा आणि एक रेल्वेमार्ग जातो. जेथे सुमारे दोन मैल लांबीचा तलाव होता, तेथे आता झाडी आणि गवत आहे. टेकाडावर माहिती केंद्र आहे आणि बांधाकडे जाणारी पायवाट आहे.

हे धरण मुळात राज्य सरकारने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला आणि धरण खाजगी हातांत गेले. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी व शिकार क्लबाने ते घेतले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक यांच्यासारखे उद्योगपती या क्लबाचे सभासद होते. उन्हाळ्यात त्यांची कुटुंबे येत, तलावात होड्या फिरत. सुमारे ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब मातीच्या बांधाच्या भरवशावर ही सारी हौस चालली होती.

मातीच्या धरणाचे एक पथ्य असते. पाणी त्याच्या माथ्यावरून वाहता कामा नये. वाहिले तर ते माती कापत जाते. म्हणून तळाशी पाणी सोडण्याचे नळ असतात आणि कडेला सांडवा असतो. येथे तळाचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते. क्लबाने ते पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून तो थोडा खाली उतरवला. तलावातले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. खोऱ्यात खाली असलेल्या जॉन्सटाउन गावच्या पोलाद कारखान्याच्या अभियंत्याने १८८० मध्येच धरण पाहून दोष लेखी कळवले होते. काळजीचे कारण नाही, असे क्लबाचे उत्तर आले.

३१ मे १८८९ च्या सकाळी, रात्रभराच्या मुसळधार पावसानंतर, तलाव माथ्याला टेकला. मजूर माती चढवू लागले, एका बाजूने चर खणू लागले. पण पाणी आधीच उतरवून ठेवण्याचा मार्ग राहिलेला नव्हता. सांडव्याच्या जाळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या होत्या. जॉन्सटाउनकडे तारेने इशारे गेले; मात्र धरण फुटणार ही आवई तेथील लोकांनी दर पावसाळी वसंतात ऐकलेली होती. दुपारी तीनच्या सुमारास बांध फुटला. तासाभरात लोंढा सुमारे १४ मैलांवरच्या जॉन्सटाउनला पोहोचला. २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. क्लबाला न्यायालयात कोणी जबाबदार ठरवू शकले नाही.

व्हिक्टर हायझर नावाचा एक मुलगा तबेल्याच्या छपरावर चढून वाचला. आईवडील मात्र गेले. पुढे तो डॉक्टर झाला आणि फिलिपिन्समध्ये कुष्ठरोग व साथींच्या आजारांवर त्याने मोठे काम केले. त्या दिवशी त्याचे वय सोळा होते, हे मी सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्हालाही आधी अफवाच वाटली होती रे."

पायवाटेवर पन्नास पावले टाकून ती थांबली. तिला धाप लागली होती. आम्ही बाकावर बसलो. मी तिच्या पायांकडे पाहिले. घोट्यांवर सूज होती; बोटाने दाबले की खळगा पडत होता. आईचे हृदय थोडे दुर्बल आहे. शरीरात पाणी साठू नये म्हणून तिला रोज सकाळी लघवी होण्याची गोळी असते. मी विचारले तेव्हा तिने खाली पाहत सांगितले, "चार दिवस घेतली नाही. सारखी गाडी थांबवायला जावयांना सांगायचं, बरं दिसतं का?"

ज्या मातीवर बसून मी तिला तळाचे नळ आणि सांडवा समजावत होतो, तिथेच हे ऐकावे लागले. त्याहून अधिक बोचले ते माझे स्वतःचे दुर्लक्ष. दोन रात्रींपूर्वी तिने जास्तीची उशी मागितली होती. परक्या घरचा पलंग सोसत नसेल, असे मी धरून चाललो. आडवे पडल्यावर श्वास कोंडतो म्हणून उशी वाढते, हे मी रुग्णांना तीस वर्षे सांगत आलो आहे.

आम्ही तेथूनच परतलो. तिच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून गोळी पुन्हा सुरू केली आणि तीन दिवसांत वजन पूर्ववत झाले. वेळीच लक्षात आले, एवढेच.

ज्यांच्या घरी अशी गोळी घेणारे वडीलधारे आहेत, त्यांना माझी विनंती आहे. प्रवासाच्या दिवशी गोळी स्वतःहून बंद करू नये. ती घेण्याची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वाटेतील स्वच्छतागृहांचे थांबे आधी ठरवावेत आणि ते ज्येष्ठांना सांगावेत, म्हणजे त्यांना मागावे लागत नाही. लोणचे, पापड, पाकीटबंद खाणे यांतले मीठ प्रवासात नकळत वाढते. त्यावर लक्ष असू द्यावे. रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढ, पायांवर सूज, वाढती धाप किंवा वाढलेली उशी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बसल्या जागीच धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट रुग्णालयात न्यावे.

परतीच्या वाटेवर मेहुण्यांनी न सांगता दोनदा गाडी थांबवली. दुसऱ्या वेळी आई हसून म्हणाली, "आता मीच सांगत जाईन."