राजा, राणी आणि खंड्या

कोरेगाव

चि. ओंकार,

परवा फोनवर तू विचारलंस, "आबांच्या अस्थी सोडताना शेजारी पोरं पाण्यात सूर मारत होती, कुणी हटकलं कसं नाही?" कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला. खरं तर गळा दाटून आला होता. आता सवडीनं लिहितेय.

अरे, माहुलीचा घाट पहिल्यापासून असाच. कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरच्या लेकी, त्या इथं भेटतात. आपल्या गावातून तीळगंगा वाहते, तरी अस्थी माहुलीलाच न्यायच्या, ही घरची रीत. माझ्या आजीच्या वेळी आबांनी मला सोबत नेलं. मी तिसरीत असेन, नाहीतर चौथीत. आबा कमरेइतक्या पाण्यात, हातात मडकं. राख लगेच बुडाली नाही. सायीसारखी पसरली आणि आबांच्या धोतराला चिकटली. त्यांनी ती झटकली नाही. पायरीवर एक बाई गोधडी आपटत होती. ती थांबली, हात जोडले आणि पुन्हा आपटायला लागली.

मी रडायला लागले तशी आबांनी मला खंड्याची समाधी दाखवली. खंड्या म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात. कुत्र्याला समाधी! मी रडणंच विसरले. शाहूंना १६८९ साली मोगलांनी धरलं तेव्हा ते सात वर्षांचे होते, सुटले १७०७ साली. १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात वारले, समाधी माहुलीच्या नदीपात्रात. राणी सकवारबाई त्यांच्यामागे सती गेल्या. वारसाच्या वादात त्या पेशव्यांच्या विरोधात होत्या आणि त्यांना सती जायला भाग पाडलं, असं इतिहासकार लिहितात. खंड्याची गोष्ट आबांनी मला कितीदा सांगितली, राणीची एकदाही नाही. ती मी मोठेपणी वाचली आणि फार वाईट वाटलं. तुझी लेक विचारेल तेव्हा दोन्ही सांग.

तर त्या पोरांचं. माझ्या आजीचं माहेर माहुलीचं. म्हणजे ते आबांचं आजोळ, आणि आबा पोहायला शिकले ते त्याच घाटावर. पोरांना कुणी हटकलं असतं तर आबाच आधी चिडले असते. हटकायचं तर निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात फेकणाऱ्यांना हटकावं.

तू दहाव्याला थांबला नाहीस. सुट्टी नव्हती, कळतं रे, पण मन मानत नाही. कावळा मात्र लगेच शिवला.

वाघ्या घेवडा पाठवतेय, रात्रभर भिजव. लेकीशी घरात मराठीतच बोल. आणि तिला घेऊन यायचं तर मे महिन्यात ये, पावसाळ्यात पात्र भरलं की समाधी दिसत नाही.

तुझी,
आत्या