रबरावरचा रियाज

स्वित्झर्लंडमध्ये भाड्याने घर घेणाऱ्या मनुष्याच्या हाती भाडेपट्ट्यासमवेत गृहनियमांचा एक स्वतंत्र दस्तऐवज पडतो, आणि त्यातील जी कलमे नवागतास प्रथम विलक्षण वाटतात ती बहुधा आवाजासंबंधीची असतात. रात्री 10 पासून सकाळी 6 किंवा 7 पर्यंत शांतता. पुष्कळ इमारतींत भर दुपारी आणखी एक तास. रविवारी जवळजवळ संपूर्ण दिवस. वाद्याचा सराव ठराविक वेळांतच, आणि ड्रमसारख्या वाद्यास अनेक ठिकाणी सरळ मज्जाव. शांततेचा असा कडक अंमल असलेल्या देशात, ऱ्हाइन नदीच्या वळणावर, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सरहद्दींना खेटून वसलेले बाझल हे आमचे शहर मात्र ड्रमवादनासाठी विख्यात आहे. जेथे घरात ड्रम वाजवण्याची मुभा नाही, तेथील घराघरांतून इतके निष्णात वादक कसे निपजतात, हा प्रश्न मला येथे आल्यापासून पडलेला होता. आणि त्याचे उत्तर, मला वाटते, रबर चिकटवलेल्या एका फळीत आहे.

बाझलचा फास्नाख्त हा उत्सव ख्रिस्ती उपवासकाळाचा आरंभ करणाऱ्या अ‍ॅश वेन्सडेनंतरच्या सोमवारी पहाटे बरोबर 4 वाजता सुरू होतो. त्या क्षणी जुन्या शहरातील रस्त्यांवरचे दिवे मालवले जातात, आणि निबिड काळोखात, केवळ चितारलेल्या कंदिलांच्या उजेडात, असंख्य ड्रम आणि पिकोलो बासऱ्या एकाच चालीत निनादू लागतात. तो नाद गुरुवारी पहाटे 4 पर्यंत, म्हणजे पूर्ण 72 तास, शहराचा ताबा घेऊन बसतो. युनेस्कोने 2017 साली या उत्सवाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मुखवटे आणि कंदील प्रेक्षणीय आहेत खरे. परंतु मला विचाराल तर त्याचे परमवैभव ड्रमच्या वादनात आहे. लष्करी कूचवादनातून उत्क्रांत झालेली ही शैली मुख्य ठोक्याच्या निमिषमात्र आधी पडणाऱ्या लघु अलंकारांनी इतकी नटलेली आहे, आणि पथकातील सर्व वादकांचे ते अलंकार इतक्या काटेकोरपणे एकसमयी पडतात, की डोळे मिटून ऐकणाऱ्यास हे अनेकांचे वादन आहे हे पटू नये.

ही शुद्धता तीन दिवसांत येत नाही. ती उरलेल्या वर्षभरात येते. 'क्लिके' नावाच्या येथील मंडळ्यांच्या बालशाखांत दाखल झालेल्या मुलास प्रथम ड्रम मिळतच नाही. त्याच्यापुढे ठेवतात ते 'ब्योक्ली', म्हणजे माथ्यावर रबराची चकती बसवलेला लाकडी ठोकळा. जुन्या शहरातील घरांच्या तळघरांत या मंडळ्यांच्या बैठकीच्या जागा असतात, आणि हिवाळ्यातील एखाद्या संध्याकाळी तेथून जाताना जमिनीसरशी असलेल्या खिडकीतून त्या ठोकळ्यांची एकसंध टकटक ऐकू येते. प्रत्येक हाताचे दोन-दोन ठोके, आरंभी अतिविलंबित, मग क्रमाक्रमाने द्रुत, आणि पुन्हा विलंबित, असा तो अभ्यास चालतो. फ्रित्स बर्गर यांनी 1928 साली बाझलच्या वादनाचे जे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, त्यात उजव्या हाताचे ठोके एका रेषेच्या वर आणि डाव्या हाताचे खाली लिहिण्याची सुबोध लिपी त्यांनी योजली होती. तिच्यामुळे गुरूसमोर बसून शिकलेला पाठ घरी एकट्याने गिरवण्याची सोय झाली. महामारीमुळे 2020 आणि 2021 सालचे उत्सव रद्द झाले, रस्त्यांवर ड्रम आले नाहीत. पण आमच्या गल्लीतल्या एका घरातून येणारी टकटक मात्र त्या दोन्ही हिवाळ्यांत थांबली नव्हती.

हल्ली ज्यांना ठोकळा बाळगणे गैरसोयीचे वाटते ते पाठपिशवीत मावणारे, अनेक पृष्ठभागांचे प्रॅक्टिस पॅड वापरतात, आणि या छोट्या वस्तूविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. प्लायवूडची चकती, तिच्या एका अंगास घट्ट गम रबर, दुसऱ्या अंगास मऊ निओप्रिन किंवा फोम. काहींवर आणखी एक पातळ, कठीण प्लास्टिकचा थर काढता-घालता येतो. वरवर पाहता हा केवळ सोयीचा मामला वाटेल, परंतु या पृष्ठभागांचा प्रत्येकी स्वतंत्र गुण आहे. गम रबरावर काठी आपणहून उसळते, म्हणून एका हालचालीत दोन ठोके काढण्याचे आणि त्या उसळीवर बोटांनी ताबा ठेवण्याचे शिक्षण तेथे मिळते. मऊ पृष्ठभाग काठीस काहीच परत देत नाही, तेव्हा प्रत्येक ठोका मनगटाने उचलावा लागतो, आणि जो दुबळा हात रबराच्या आश्रयाने लपला होता तो तेथे तत्काळ उघडा पडतो. प्लास्टिकचा थर आवाज किंचित वाढवतो, परंतु दोन ठोक्यांतील सूक्ष्म विषमता इतकी स्पष्ट ऐकवतो, की ज्याला आपला दोष खरोखर जाणून घ्यायचा आहे त्याने आठवड्यातून काही वेळ तरी तो थर चढवावा. एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षे वाजवणाऱ्याचा हात त्या पृष्ठभागापुरताच तयार होतो, हे माझे निश्चित मत आहे.

एक व्यावहारिक सूचना येथे नमूद करणे अवश्य आहे. पॅडचा हवेतून जाणारा आवाज अल्प असतो, पण ते टेबलावर ठेवून वाजवले तर ठोक्याचे कंपन टेबलाच्या पायांतून लाकडी जमिनीत आणि तेथून खालच्या बिऱ्हाडाच्या छतात उतरते. वाजवणाऱ्यास ज्याची दखलही नसते तो आवाज खालच्यास स्पष्ट ऐकू येतो, आणि तक्रारी उद्भवतात त्या यातूनच. पॅड मांडीला पट्ट्याने बांधावे, अथवा स्टँडखाली जाड घोंगडी दुमडून घालावी.

मी मूळचा पुण्याचा. ताशा तेथेच शिकलो, आणि येथे माझा रियाज पॅडवर चालतो. ताशाच्या काड्या बारीक आणि लवचिक असल्यामुळे त्यांना गम रबराची बाजू विशेष मानवते. ढोलाच्या टिपऱ्याचा घुमारा आणि थापीचा नाद कोणत्याही रबरातून निघणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ढोल हा अखेर ढोलावरच शिकावा लागतो. परंतु ताशाचे काम मुख्यतः हाताच्या गतीचे आणि समतोलाचे आहे, आणि ते पॅडवर निःसंशय साधते. गणेशोत्सवापूर्वी मुठेच्या काठी पथकांचे सराव सुरू झाले की आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारी दरवर्षी येतात. आपल्याकडील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र 10 वाजल्यापासूनच धरली आहे. तेव्हा या तक्रारींना रसिकतेच्या अभावात जमा करणे न्यायाचे होणार नाही. घरात आजारी माणूस आहे, परीक्षेचे मूल आहे, आणि नवशिक्या वीस हातांची विस्कळीत चाल महिनोन्महिने त्यांच्या कानावर आदळते आहे, ही वस्तुस्थिती आहे.

म्हणून पुण्या-मुंबईच्या आणि युरोप-अमेरिकेतील मराठी मंडळांच्या पथकप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे, की नव्या ताशेवाल्यांच्या हाती पहिले काही आठवडे ताशा देऊच नये. दोन बाजूंचे पॅड द्यावे, एखाद्या शाळेचा बंद वर्ग संध्याकाळपुरता मागून घ्यावा, आणि ज्यांचा हात दोन्ही पृष्ठभागांवर सारखा चालू लागला असेल त्यांनाच नदीकाठी न्यावे.