रांगेतला बाहेरचा माणूस

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गोष्ट एका पावसाळ्यातली आहे आणि त्यात माझंच वागणं बरोबर नव्हतं, म्हणून हात मागे येत होता. पण तीस-पस्तीस वर्षं पोरांच्या चुका काढण्यात गेली, आता एखादी आपलीही काढावी म्हटलं.

रक्तदाबाच्या गोळ्या आणायला तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. आमच्या मुलचेऱ्याकडे पावसाळ्यात दवाखान्याला काय गर्दी असते, हे इकडच्यांना सांगायला नको. रोवणीचे दिवस, दिवसभर पाय चिखलात, संध्याकाळी डास आणि घरोघरी ताप. महाराष्ट्रात हिवतापाचा विषय निघाला की गडचिरोलीचं नाव पहिलं येतं, ते काही उगीच नाही.

रांगेत माझ्या पुढे तिशीतला एक ट्रकवाला उभा होता. कपाळाला गमछा बांधलेला, अंगात कापरं भरलेलं. झारखंडचा होता. एटापल्ली तालुक्यातली सूरजागडची लोहखाण सुरू झाल्यापासून आष्टी-आलापल्ली रस्त्यावर असे परप्रांतातले ट्रकवाले, मजूर, मिस्त्री बरेच दिसतात. तो मधूनच भिंतीला टेकायचा, रांग सरकली की सरकायचा.

मागून कुणीतरी म्हणालं, "हे बाहेरचे लोकं रोजचेच येऊन रायले सर. मंग आमच्या गोळ्या कशा पुरन?"

आणि मी, अंगवळणी पडलेल्या वर्गातल्या आवाजात म्हणालो, "खरं आहे. आधी इथल्या लोकांचं होऊ द्यावं."

ट्रकवाल्याला मराठी येत नसावं. पण अशी वाक्यं कळायला भाषा लागत नाही. तो बाजूला झाला, रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं मी गोळ्या घेऊन बाहेर आलो आणि सहज मागे पाहिलं, तर तो तिथे नव्हता. रक्त न तपासताच निघून गेला होता. कुणी हाकललं नव्हतं त्याला. डॉक्टरांनी नाही, नर्सबाईंनी नाही. आम्ही रांगेतल्यांनीच घालवला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही काही बोलली नाही, फक्त आपल्या उजव्या मनगटावरून हात फिरवला. तेवढ्यानं मला काय आठवायचं ते आठवलं.

आमचा मुलगा इंग्लंडात नोकरी करतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. तिथे जिन्यावरून पाय घसरून ही पडली, मनगटाचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयात नेलं. तातडीच्या विभागात तपासलं, फोटो काढला, त्याचा एक पैसाही घेतला नाही. पण शस्त्रक्रिया करून पट्टी बसवावी लागेल, दाखल व्हावं लागेल असं ठरलं, तेव्हा एक बाई कागद घेऊन आल्या. तुम्ही या देशात राहता का? कधी आलात? परत कधी जाणार? पासपोर्ट दाखवता का?

बाई अतिशय सौजन्यानं बोलत होत्या. तरी माझे कान गरम झाले. सत्तरीला टेकलेला माणूस, जन्मभर हजेरी घेतलेली, आणि इथे माझी हजेरी चालली होती, तीही आपण या गावचे नाही हे सिद्ध करण्यासाठी. पण शेवटी त्या जे म्हणाल्या ते मी विसरलो नाही. मुलानं समजावून सांगितलं त्याचा अर्थ असा, की बिल येईल, पण बिलासाठी शस्त्रक्रिया थांबणार नाही.

तिथली पद्धत मी नंतर मुलाकडून नीट समजून घेतली. पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी माणसाला दाखल केलं तर नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते. उपचार तातडीचे असतील तर आधी उपचार, मग बिल. थांबता येण्यासारखं दुखणं असेल तर २०१७ पासून पैसे आधीच भरावे लागतात. नोकरीसाठी येणाऱ्यांना व्हिसाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून १०३५ पौंड झाला आहे. मुलानं आमचा प्रवासविमा काढला होता म्हणून आम्ही निभावलो. बिलावरचा आकडा मी रुपयांत गुणायला घेतला होता, अर्ध्यात सोडून दिला.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. काही संसर्गजन्य आजारांचे उपचार त्या देशात परक्या माणसालाही फुकट मिळतात. त्या यादीत क्षयरोग आहे आणि हिवतापही आहे. म्हणजे माझ्या पुढे जो ट्रकवाला कापत उभा होता, तो हिवतापानंच कापत असेल, तर इंग्लंडात परका असूनही त्याला पैसे पडले नसते. आणि इथे, स्वतःच्या देशात, मी त्याला रांगेत मागे पाठवलं.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, भावना ठीक आहेत, पण गोळ्या खरोखरच कमी पडतात त्याचं काय? बरोबर आहे तुमचं. मागून बोलणारा माणूस खोटं बोलत नव्हता. सरकारी दवाखाने लोकसंख्येच्या हिशेबानं बांधलेले असतात. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असं ते गणित आहे. लोकसंख्या म्हणजे जनगणनेतली. खाणीवर कामाला आलेला, ट्रक घेऊन आलेला माणूस आमच्या तालुक्याच्या खानेसुमारीत कुठे असणार? तो मोजलेला नाही, पण त्याचा ताप खरा आहे. म्हणून ओढाताण होते, आणि ती रांगेतल्या माणसाला दिसते ती "बाहेरचे आले" अशीच.

हे फक्त आमच्याकडेच नाही. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात सिंधुदुर्गातले कितीतरी रुग्ण जातात, कारण दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला तेच जवळ. २०१८ साली गोवा सरकारनं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. सिंधुदुर्गात आंदोलन झालं. गोव्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, त्यांच्या करदात्यांच्या पैशावर ते रुग्णालय चालतं. पण आंदोलन करणाऱ्यांचं तरी काय चुकलं? पुढे मार्ग निघाला तो असा, की महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बांबोळीलाही लागू करायची, म्हणजे तिथल्या उपचाराचा खर्च महाराष्ट्रानं द्यायचा. त्याच वर्षी दिल्लीत गुरु तेग बहादूर रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीकरांसाठी राखण्याचा आदेश निघाला. शेजारच्या उत्तर प्रदेशातले रुग्ण फार येतात ही तक्रार होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला उत्तर दिसतं. पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न खरा आहे, तो विचारलाच पाहिजे. पण तो दोन सरकारांनी एकमेकांना विचारावा, टेबलावर बसून, हिशेबाची वही उघडून. रांगेत कापत उभ्या असलेल्या माणसाला विचारू नये.

आणि हे स्वप्नरंजन नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली, तिच्यात तशी सोय आहेच. कार्डधारक दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाला, तर खर्च त्याच्या स्वतःच्या राज्याच्या खात्यावर पडतो. अडचण एवढीच की ही सोय दाखल होणाऱ्यासाठी आहे. तापाची गोळी, रक्ताची तपासणी, साप चावल्यावरची पहिली धावपळ आपल्या साध्या सरकारी दवाखान्यातच होते. आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. चांगलंच झालं. पण फुकट दिलेल्याचा भार कुणावर तरी पडतोच.

त्याचंही उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. जिथून खनिज निघतं, त्या जिल्ह्यासाठी कंपन्यांनी रॉयल्टीबरोबर वेगळी रक्कम भरायची, असा कायदा २०१५ साली झाला. जिल्हा खनिज प्रतिष्ठान म्हणतात त्याला. तो पैसा ज्या कामांवर आधी खर्च व्हावा असं ठरलं आहे, त्यात आरोग्य आहे. ज्या खाणीमुळे ट्रकवाला इथे आला, त्याच खाणीच्या पैशातून त्याच्या गोळ्यांचा साठा भरावा, आणि गावकऱ्यांच्या गोळ्यांना हात लागू नये. यात अवघड काय आहे, मला कळत नाही. खाणीवरची आणि रस्त्यावरची माणसं मोजा, तेवढा औषधसाठा वाढवा, एक जादा माणूस रक्त तपासायला द्या.

आणि कुणाला दयेचं बोलणं पटत नसेल, तर स्वार्थाचं बोलू. हिवतापाचा जंतू अंगात घेऊन तो ट्रकवाला ज्या ढाब्यावर रात्री झोपला असेल, तिथले डास दुसऱ्या कुणाला चावणारच. डास काही शिधापत्रिका बघून चावत नाही. त्याला दिलेली गोळी ही आपल्या पोरांसाठीच दिलेली असते.

आता थोडं माझ्याविषयी. मी मूळचा ब्रह्मपुरीकडचा. इकडे नोकरीवर आलो तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, तो १९८२ साली झाला. सगळा मुलूख चंद्रपूरच. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवतापानं धरलं. मला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेणारा शेजारी होता तो पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेला, बंगाली कॅम्पातला. त्याला धड मराठी येत नव्हतं, मला बंगालीचं अक्षर येत नव्हतं. त्या गाडीत इथला फक्त बैल होता, असं तो पुढे कैक वर्षं हसून सांगायचा. त्या दिवशीच्या रांगेत तरी कोण होतं? माडिया-गोंड सोडले तर आम्ही बाकीचे कधी ना कधी बाहेरूनच आलेलो.

आणि आमची माणसं बाहेर जात नाहीत का? मिरची तोडायला दरवर्षी तेलंगणात जातात. माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन गेला होता, दिवस भरत आलेले. तिथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं. "कोण कुठले विचारलं का रे?" म्हटलं. म्हणाला, "विचारलं ना सर. पण पोरगी झाल्यावर विचारलं."

एवढंच तर हवं असतं.

त्या ट्रकवाल्याला शोधायला मी दुसऱ्या दिवशी लगामच्या रस्त्यावर दोन-तीन ढाब्यांवर जाऊन आलो. नाव माहीत नाही, गाडीचा नंबर माहीत नाही, कुणाला काय विचारणार? कपाळाला गमछा बांधलेला झारखंडचा ड्रायव्हर, असं सांगितल्यावर ढाबेवाला हसला. म्हणाला, "गुरुजी, असे तर दिवसाला पन्नास येतात."

अजूनही महिन्याला गोळ्या आणायला त्याच दवाखान्यात जातो. रांगेत कुणी अनोळखी तापानं फणफणलेला दिसला, तर माझा नंबर त्याला देतो. रक्तदाबाची गोळी अर्ध्या तासानं घेतली तरी चालते. मागून कुणी कुरकुरलं, तर म्हणतो, "बाबा, मीही ब्रह्मपुरीचाच." लोक हसतात, रांग पुढे सरकते.

तो मात्र परत दिसला नाही. बरा झाला असेल, असं धरून चालतो.